खारं पाणी, गोडं पाणी आणि एक तरंगता गोळा

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, टाकीतलं पाणी कमी झालं की पाणी घालायचं, यात इतिहास कसला? तर आहे. चांगला बावीसशे वर्षांचा आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. म्हणजे घरातल्या 100 लिटरच्या खाऱ्या टाकीत साडेतीन किलो. आता पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. रोज दोन लिटर पाणी उडालं असं धरा. पाच दिवस गावाला जाऊन आलात की उरलं 90 लिटर पाणी, मीठ मात्र तेवढंच. 35 चं झालं 39. मासे कदाचित निभावतील, पण प्रवाळ आक्रसून बसतात, आणि हे वारंवार झालं तर मरतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं नाही, गोडं पाणी घालायचं. आणि थोडं थोडं, रोज. एकदम बादली ओतली की तोही धक्काच.

हे रोजचं काम पूर्वी कोण करायचं? इथं मला अ‍ॅना थाइन या बाईंची गोष्ट सांगायचीच आहे. 1846 साली इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ सापडले. ते लंडनला न्यायचे होते. वाटेत बरणीत आपटू नयेत म्हणून बाईंनी सुई-दोऱ्यानं ते चक्क स्पंजाला शिवून टाकले! घरी आल्यावर पाण्यात हवा मिसळायला हवी, तर रोज उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. अर्धा-पाऊण तास. आणि हे बहुतेक वेळा करायची घरातली मोलकरीण. प्रवाळ जगले, बाईंचं नाव इतिहासात आलं, त्या मुलीचं नाव काही मला कुठं सापडलं नाही. खिडकीच्या वाऱ्यात ओतलेलं पाणी थोडं उडणारच, तेव्हा पातळीवर लक्ष ठेवणंही तिच्याच गळ्यात पडलं असणार, असा माझा अंदाज.

पुढं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं 1850 मध्ये मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल मांडला, 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, 1854 मध्ये फिलिप गॉस यांचं पुस्तक आलं आणि घराघरांत काचेच्या टाक्यांची लाट आली. तेव्हाचा उपाय सोपा होता: काचेवर पातळीची खूण करा, पाणी खाली गेलं की खुणेपर्यंत गोडं पाणी घाला. म्हणजे पुन्हा माणूसच.

गंमत अशी की यंत्र तर केव्हाच तयार होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाचा कारागीर होता. त्याला अचूक पाणघड्याळ हवं होतं. अडचण काय, भांड्यातलं पाणी उतरलं की दाब कमी होतो, धार मंदावते आणि वेळ चुकते. त्याचं स्वतःचं लिखाण उरलेलं नाही, पण नंतरच्या वर्णनांवरून अभ्यासक सांगतात की त्यानं भांड्यात एक तरंगता तुकडा ठेवला. पाणी चढलं की तो वर येऊन नळीचं तोंड बंद करणार, उतरलं की उघडणार. पातळी कायम! आपल्याकडंही घटिकापात्र होतं, लग्नात मुहूर्तासाठी लावायचे ते. भोकाचं वाटीसारखं भांडं पाण्यावर सोडायचं, 24 मिनिटांनी ते बुडतं, म्हणजे घटका भरली. पण ते रिकामं करून पुन्हा सोडायला शेजारी माणूस बसलेला लागायचा. फरक तिथं आहे.

मग नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांच्या यंत्रांत हीच कल्पना दिसते. 1765 च्या सुमारास सैबेरियात इव्हान पोल्झुनोव्हनं वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये तरंगता गोळा बसवला, आणि इंजिन चालू झालेलं बघायच्या आधीच बिचारा गेला. नंतर हा गोळा संडासाच्या टाकीत शिरला. तुमच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक, तोच तो.

आजचा ऑटो टॉप-ऑफ, हौशी लोकांच्या भाषेत एटीओ, म्हणजे त्याचाच वंशज. छोटा फ्लोट स्विच किंवा प्रकाशानं पातळी ओळखणारा सेन्सर, शेजारी आरओच्या पाण्याची बादली आणि त्यात एक पंप. पाणी मिलिमीटरभर उतरलं की पंप चालू. 1970 च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी युरोपात यात एक भारी भर घातली: साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी घाला. हो, शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो तीच! प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं, ते उडालेल्या पाण्याच्या बदल्यात आपोआप मिळतं.

धोका एकच, पण मोठा. स्विचवर गोगलगाय चढून बसली किंवा मिठाचा थर धरला की गोळा अडकतो आणि पंप थांबतच नाही. म्हणून वर दुसरा स्विच लावतात. पण मला त्याहून आवडणारा उपाय म्हणजे बादलीच लहान ठेवायची. 100 लिटरच्या टाकीला पाच लिटरची. रात्रभर पंप चालला तरी 35 चं 33 होईल, प्रवाळ रुसतील, मरणार नाहीत. बादलीत निवळी असेल तर मात्र हा हिशोब चालत नाही. तिचा पीएच 12 च्या वर असतो, पाच लिटर एकदम गेली तर खेळ खलास. म्हणून जाणकार ती थेंबाथेंबानं सोडतात, आणि शक्यतो रात्री, टाकीचा पीएच उतरलेला असतो तेव्हा.