वकिली शिकवतं कोण?

बुलढाण्याच्या जिल्हा कोर्टात माझे केस पांढरे झाले, म्हणून सांगतो: आमच्याकडे नवा वकील घडवायचं काम कायद्यापेक्षा सिनियरच्या कारकुनानेच जास्त केलं. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, कोर्ट फीचं तिकीट किती लावायचं, मेहकरचा अशील एसटीने येतो तेव्हा साहेबांना कोणती तारीख मागायला लावायची, हे सगळं त्यालाच ठाऊक. पगार म्हणाल तर ज्युनिअरला चहा नक्की मिळायचा.

कायद्याचं मात्र सतत तळ्यात-मळ्यात. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७९ च्या कायद्याने प्लीडर, मुखत्यार असे दर्जे केले होते. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने ती उतरंड मोडली, पण सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा ठेवली. १९७३ च्या दुरुस्तीने तीही काढली. १९९५ मध्ये बार कौन्सिलने वर्षभराची उमेदवारी आणली. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियमच रद्द केला. अधिकार संसदेचा, कौन्सिलचा नव्हे, असं कारण. माझ्या मते नियम गेला ते कायद्याने बरोबर, ज्युनिअरसाठी वाईट.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. तेवढी वकिली केल्याच्या दाखल्यावर दहा वर्षं मुरलेल्या वकिलाची सही चालते, वर कोर्टाचा शेरा. आता पोरं माझ्याकडे येतात. मी म्हणतो, बाबू, आधी नकलेचा अर्ज लिहून दाखव.