दट्ट्या आणि थंड पाणी

ज्या भांड्याला आज सारे जग ‘फ्रेंच प्रेस’ म्हणते, त्याच्या नावात जेवढे फ्रान्स आहे तेवढे त्याच्या घडणीत नाही. आणि चार मिनिटांत कढत कॉफी सिद्ध व्हावी म्हणून ज्याला दट्ट्या बसवला, त्याच भांड्यात हल्ली आपण रात्रभर थंड पाण्यात कॉफी भिजत घालतो, हे पाहिले म्हणजे वस्तूंचे प्राक्तनही माणसांच्या प्राक्तनाइतकेच वाकडेतिकडे असते असे वाटू लागते.

प्रारंभ मात्र फ्रान्सातच झाला. 1852 साली पॅरिसमध्ये मायेर आणि देल्फोर्ज या दोघा गृहस्थांनी सरकारदप्तरातून एका कॉफीपात्राची सनद मिळवली. छिद्रे पाडलेला टिनाचा पत्रा फलालिनीच्या दोन तुकड्यांमध्ये धरून तो एका दांडीला जडवायचा, आणि दांडी खाली दाबली की चोथा तळाशी व अर्क वर राहावा, एवढीच ती युक्ती. युक्ती बिनतोड खरी, परंतु अशा पात्रात सारी मदार कडेवर असते: चाळणी आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली, तरी चोथा तेवढ्या वाटेने निमूटपणे वर येतो. ही फट बुजवण्याचे श्रेय इटलीकडे जाते. 1929 साली मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी नवी सनद घेतली, तीत चाळणीच्या परिघाला स्प्रिंगचे वेटोळे घातले होते, त्यामुळे ती भिंतीला सर्व बाजूंनी बिलगून राही. पुढे फालिएरो बोंदानीनी यांनी त्यात सुधारणा करून 1958 मध्ये आपली स्वतंत्र सनद मिळवली आणि हे भांडे फ्रान्समधल्या क्लॅरिनेट वाद्याच्या एका कारखान्यात घडवायला घेतले. वाद्याच्या कारखान्यातून कॉफीचे भांडे बाहेर पडावे, हे मला तरी अगदी योग्य वाटते. हवा आणि पाणी फटीतून निसटू न देण्याचे कसब अखेर एकच.

थंड कॉफीची वंशावळ वेगळी. 1840 साली अल्जीरियातील माझाग्रान येथील किल्ल्यात फ्रेंच शिबंदी वेढ्यात सापडली, आणि तेथल्या शिपायांनी कॉफीच्या अर्कात थंड पाणी घालून ती पिण्याचा प्रघात पाडला अशी आख्यायिका आहे. ‘माझाग्रान’ हे पेयनाम तेव्हापासूनचे. परंतु तेथेही अर्क कढतच काढलेला असे. पाणी मुळी तापवायचेच नाही, या रीतीला अमेरिकेतील घरांत रुळवले ते रसायन अभियांत्रिकी शिकलेल्या टॉड सिम्पसन यांनी, 1964 साली काढलेल्या ‘टॉडी’ या उपकरणाने. कढत पाणी जी आम्लता आणि जो कडवटपणा घाईघाईने ओढून काढते, त्यांतला बराचसा भाग थंड पाणी दाण्यातच राहू देते. मोबदल्यात ते बारा ते सोळा तासांचा वेळ मागते.

ज्यांना आपल्या जुन्या मराठीत बुंददाणे म्हणत, ते कॉफीचे दाणे जाडसर दळले पाहिजेत, हे मी फजितीनेच शिकलो. प्रथम मी घरातली नेहमीची फिल्टर कॉफीची पूड वापरली. सकाळी दट्ट्या दाबू गेलो तर तो जागचा हलेना, आणि हट्टाने जोर करताच तोटीतून उडालेल्या काळ्या पिचकारीने सदरा आणि पंचांग दोन्ही रंगवले. तेव्हापासून दळण लापशीच्या रव्याइतके भरड असते. लिटरभर मापाच्या भांड्यात सुमारे शंभर ग्रॅम पूड, तीवर आठशे मिलिलिटर पाणी, एकवार ढवळणे, आणि दट्ट्या वरच ठेवून नुसते झाकण लावणे, एवढा रात्रीचा विधी. सकाळी दांडी सावकाश, आपल्या वजनाने उतरल्यासारखी खाली न्यावी. हा अर्क जड असतो. प्यायच्या वेळी त्यात तेवढेच पाणी किंवा दूध मिसळावे.

तरीही बारीक गाळ राहतोच, कारण वेटोळ्याने कडेची फट बुजवली तरी जाळीची छिद्रे काही बुजत नाहीत. म्हणून शेवटी मी चक्का बांधण्याचे धुतलेले फडके पातेल्यावर ताणतो आणि भांडे त्यावर हळूहळू रिकामे करतो. मायेर आणि देल्फोर्ज यांची फलालीन अशा रीतीने आमच्या ओट्यावर पुन्हा हजर होते.