क्विंटल कोणाचा?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे 'सर, हा शब्द आपला की त्यांचा?' हा प्रश्न मला दोन्ही वर्गांत ऐकावा लागतो. अशा वेळी मी क्विंटलचे उदाहरण देतो, कारण अकोला-अमरावतीच्या बाजार समितीत कापूस असो की तूर, भाव क्विंटलनेच निघतो.

मुले म्हणतात, शब्द इंग्रजी आहे. इंग्रजीतून आला हे खरे, पण त्याचे मूळ लॅटिन. लॅटिनमध्ये 'सेंटम' म्हणजे शंभर. क्रिकेटमधली सेंच्युरी त्यावरूनच आली. शंभर रत्तल वजनाला 'सेंटेनारियम' म्हणत. हा शब्द ग्रीक आणि सिरियाकमधून अरबीत गेला आणि 'किंतार' झाला. कुरआनात सूरह आल-इम्रानच्या 75व्या आयतीत तो येतो. तिथे किंतार म्हणजे मोठी दौलत. अहले-किताबपैकी काही जण एवढी अमानतही जशीच्या तशी परत करतात, तर काही जण एक दीनारसुद्धा तगादा लावल्याशिवाय देत नाहीत, असे तिथे सांगितले आहे.

पुढे अरबांशी व्यापार करता करता युरोपने हाच शब्द परत उचलला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो 'क्विंटाले' आणि फ्रेंचमध्ये 'कँताल' झाला. तिथून तो इंग्रजीत आला. दशमान पद्धतीत त्याचे वजन 100 किलो ठरले. इंग्रजीतला 'कॉटन'ही अरबी 'कुत्न'वरून आलेला. म्हणजे 'कॉटन' आणि 'क्विंटल' हे दोन्ही शब्द अरबीच्या वाटेने इंग्रजीत पोहोचले.

आपल्याकडे आधी मण, शेर, खंडी चालत. 40 शेरांचा सरकारी मण म्हणजे सुमारे 37.32 किलो. 1956च्या वजन-माप कायद्याने देशभर दशमान वजने आली. तरी खंडी संपली नाही. रुईच्या सौद्यात आजही 355.62 किलोची खंडी बोलली जाते.

तेव्हा क्विंटल कोणाचा? रोमचा, अरबांचा, फ्रेंचांचा, आणि आता वऱ्हाडाचाही. भाषा शब्द घेताना त्याचा धर्म विचारत नाही. कास्तकारही विचारत नाही. त्याला एवढेच पाहायचे असते की काट्यावर शंभराचे शंभर भरले की नाही. किंतार असो वा क्विंटल, अमानत तीच.