मुंबई पाहावी कशी? – स्वस्त सहलीची जुनी गोष्ट
(एक माजी विद्यार्थी, दहावी, मार्च १९७५)

आपल्या तुकडीला दहावी होऊन पन्नास वर्षं झाली. मेळाव्यानंतर सगळ्यांनी मिळून दोन दिवस मुंबईला जायचं, असं बैठकीत ठरलं. मग समितीने मला स्मरणिकेसाठी मुंबईबद्दल काहीतरी ऐतिहासिक लिहायला सांगितलं. गेटवे कुणी बांधलं, राणीची बाग कधी झाली, हे लिहिता येईल. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच इतिहास. आपल्यासारख्या घाटावरच्या, खिशात मोजके पैसे असलेल्या माणसांनी मुंबई पाहिली कशी?

रेल्वे येण्यापूर्वी आपल्याकडचा माणूस मुंबईला निघाला की घाट उतरून पनवेलच्या बंदराला जायचा आणि तिथून पडावात बसायचा. १८३० साली बोर घाटात गाडीरस्ता झाला, तेव्हा बैलगाड्या धावू लागल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलं. पण पुण्याकडच्या लोकांना त्यानंतरही दहा वर्षं थांबावं लागलं. पुणे–खंडाळा रेल्वे १८५८ ला सुरू झाली, तरी मधला घाट पालखीत, तट्टावर किंवा पायीच उतरावा लागे. १८६३ साली बोर घाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि पुण्याचा माणूस डब्यात बसून थेट मुंबईत उतरू लागला. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ छापून आलं. मराठी वाचकाच्या हाती मुंबईची सविस्तर माहिती आली आणि तिथे जायची गाडीही आली, दोन्ही एकाच वर्षी.

या गाडीतले बहुतेक लोक तिसऱ्या वर्गाचे. हा तिसरा वर्ग रेल्वेने १९७४ साली रद्द केला. आपली शाळेची सहलही त्याच वर्षी, डिसेंबरात गेली.

कोकणच्या लोकांची वाट समुद्रातून होती. परकीय कंपनीच्या बोटींना तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या काळात, १९०६ साली, एक कंपनी निघाली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. याच कंपनीची ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. भाडं कमी असावं, पण त्यापायी जीव स्वस्त होऊ नये, हे कोकणातल्या घराघराने त्या दिवशी सोसलं. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पुन्हा माणसं दगावली. म्हणून आपल्या सहलीत लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय कुणी लाँचमध्ये बसायचं नाही, एवढं आत्ताच ठरवू.

मुंबईत पोहोचल्यावर राहायचं कुठे? सातारा–कोल्हापूरच्या आणि कोकणच्या माणसाला याचं उत्तर ठाऊक होतं : गिरणगाव. १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा भाग गावाकडच्या माणसांनी भरला. एकेका गावाचा एकेक गाळा. पाळीप्रमाणे झोपायचं. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच वळकटीवर पडायची. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. त्या खानावळी बहुतेक बायकाच चालवत. गावाहून आलेला पाहुणा दोन दिवस गाळ्यात राहिला, तर त्याला कुणी भाडं विचारत नसे. लाखो लोकांनी मुंबई पाहिली ती या आधारावर.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. सहलीच्या फोटोत मी नाही, हे काहींच्या लक्षात आलं असेल. वर्गणी चाळीस रुपये होती. माझे वडील मुंबईतच गिरणीत होते, दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. पण १९७२ च्या दुष्काळात काढलेलं कर्ज फिटलेलं नव्हतं आणि त्या डिसेंबरची मनीऑर्डर सावकाराकडे गेली. गुरुजींनी वर्गात विचारलं, “कोण कोण येणार नाही?” मी हात वर केला आणि म्हणालो, “गुरुजी, मी मुंबई पाहिलीय.” ते खोटं होतं. तुम्ही परत आलात आणि आठवडाभर वर्गात डबलडेकर आणि म्हातारीचा बूट यांच्याच गप्पा चालल्या. मीही माझ्या ‘पाहिलेल्या’ गोष्टी सांगत राहिलो. वडिलांच्या पत्रात ट्रामचे रूळ आले होते, म्हणून मी ट्रामचंही सांगितलं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ लाच बंद झाली होती. कुणीतरी ते पकडलं नाही, की पकडूनही बोललं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढे अकरावीच्या सुट्टीत वडिलांच्या गाळ्यात राहून मी मुंबई पाहिली आणि जवळजवळ फुकट पाहिली. व्ही.टी.ची इमारत आत-बाहेरून पाहायला पैसे लागत नाहीत. गेटवेच्या कठड्याशी बसून बंदरातली जहाजं मोजायला लागत नाहीत. १९२४ साली खुलं झालेलं हे गेटवे आणि त्याच्याजवळचं १९२२ चं म्युझियम, दोन्ही जॉर्ज विटेटच्या हातची. राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले, पुढे ते जोडून इथे उभे केले. ज्या बेटाला हा हत्ती पाहून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं, त्या बेटावर आता तो नाही. वडिलांनी मला तो एका रविवारी दाखवला. १९८२ च्या संपानंतर वडील गावी परतले आणि गाळाही सुटला.

आता मुद्द्याचं. ग्रुपवर हॉटेलचा जो आकडा फिरतोय, तो वाचून तीन-चार जण गप्प झाले आहेत. एकाने लिहिलं, “माझं मुंबई खूप वेळा झालंय.” हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे.

म्हणून माझा हिशोब मांडतो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण एस.टी.ची चालू आहे. आपण सगळे पासष्ट ओलांडलेले, म्हणजे निम्मं तिकीट. वर्गातल्या मैत्रिणींना तर मार्च २०२३ पासून वय न बघताच निम्मं आहे. आणि गुरुजी व बाई येणार असतील, तर पंच्याहत्तरीच्या पुढे त्यांना एस.टी. मोफत. फक्त वेगळी गाडी करारावर घ्यायची नाही, नेहमीच्या गाडीचं एकत्र आरक्षण करायचं आणि आधार कार्ड जवळ ठेवायचं. मुंबईत फिरायला बेस्ट. मे २०२५ मध्ये किमान भाडं वाढून १० रुपये झालं, तरी टॅक्सीपेक्षा ते कितीतरी कमी. लोकलचं सगळ्यात जवळचं तिकीट अजून ५ रुपये आहे, फक्त गर्दीची वेळ टाळायची. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून दिवस जपून निवडू. तिथल्या पायऱ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत त्यांनी खाली धक्क्याशी बसावं, मी सोबतीला बसेन.

मुक्कामाला आता गाळे राहिले नाहीत. पण आपल्यातल्या सहा जणांची घरं डोंबिवली, कल्याण, ठाण्यात आहेत. दोन-दोन, तीन-तीन जण एकेका घरी राहिलो तर हॉटेल लागत नाही, आणि रात्री गप्पाही होतील.

वर्गणी किती ते समितीने ठरवावं. माझी एकच विनंती : ती सगळ्यांकडून सारखी मागू नये. एक बंद पेटी ठेवावी, ज्याने त्याने जमेल तेवढं टाकावं, आणि कुणी किती टाकलं हे कुणी विचारू नये. आणि या वेळी “कोण कोण येणार नाही?” असं कुणी विचारू नये.