कौल विरोधात, सत्ता मात्र हाती

निवडून दिलेल्या आमदाराला मुदतीपूर्वी परत बोलावण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने मतदाराला दिलेला नाही. १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी ही मागणी लावून धरली, पण ती मागणीच राहिली. अमेरिकेतील काही राज्यांत हा हक्क आहे. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्यपाल ग्रे डेव्हिस यांना त्याच मार्गाने पदच्युत केले. २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत असलेल्या आपल्या कामोठ्यात नगरसेवक निवडता येतो, माघारी बोलावता येत नाही.

तथापि शेजारच्या गोव्यात एका सरकारला मुदत संपण्यापूर्वी पायउतार व्हावे लागले होते. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाचे वचन देऊन सत्तेवर आला. या प्रश्नावर जनमत कौल घ्यावा असे ठरले, तेव्हा युनायटेड गोवन्सचे डॉ. जॅक सिक्वेरा यांनी आक्षेप घेतला: हे सरकार अधिकारावर असताना मतदान निःपक्षपाती कसे होईल? आक्षेप रास्तच होता. बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’, केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

‘ख्रिस्ती लोकांनी मराठीला नाकारले’ असे या निकालाविषयी अजूनही ऐकू येते. मराठीतच प्रार्थना करणाऱ्या आपल्यासारख्यांना ते बोचते. पण ते खरेही नाही. ख्रिस्ती समाज तेव्हा गोव्यात चाळीस टक्क्यांहून कमी होता, त्यामुळे हजारो हिंदू मतदारांनी साथ दिल्याखेरीज असा कौल मिळणे शक्य नव्हते. शिवाय विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत प्रभावी लेखणी चालवली ती मडगावच्या ‘राष्ट्रमत’ने, आणि ते दैनिक मराठी होते! त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर तर गाजलेच.

ज्या वचनावर सरकार आले तेच लोकांनी फेटाळले. मग त्या पक्षाचा शेवट व्हायला हवा होता. घडले उलटेच. मार्चच्या निवडणुकीत त्याच पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मला यात मतदाराचा गोंधळ दिसत नाही. कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कायदा आणि खेडोपाडी निघालेल्या मराठी शाळा बहुजन समाजाला जवळच्या होत्या. त्यांपैकी कित्येकांनी दोन पानांवर शिक्का मारला आणि दहा आठवड्यांनी बांदोडकरांच्या उमेदवारालाही मत दिले असावे, असे मला वाटते. पदच्युतीच्या मतदानात असे वेगवेगळे उत्तर देण्यास वाव राहत नाही. तेथे धोरणावरील राग थेट माणसावर निघतो.

बांदोडकर १९७३ साली निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला.