गाळातील अस्सल कागद

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. होऊन गेलेली गोष्ट मागाहून आठवून लिहिली म्हणजे ती बखर. गोष्ट घडत असतानाच, पुढे कोणी इतिहास रचील अशी कल्पनाही मनात नसताना जे लिहिले गेले, तो अस्सल कागद. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दुसऱ्यास पहिल्याहून वरचे आसन दिले ते याच कारणाने. हा विवेक मनुष्यांच्या इतिहासाइतकाच पाण्याच्या इतिहासासही लागू पडतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बखर पाहू. स्वित्झर्लंडातील मुर्टेन सरोवराच्या काठी १४७६ साली स्विस सैन्याने बरगंडीचा अधिपती चार्ल्स याचा दारुण पराभव केला. पळणारे पुष्कळ सैनिक सरोवरात बुडून मेले. पुढे त्या पाण्यावर तांबडी साय दिसली, की लोक म्हणत, ‘हे बरगंडीकरांचे रक्त वर आले.’ १८२५ साली असा रंग चढला असता द कांडोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची परीक्षा केली. त्यास रक्त सापडले नाही. तांबूस तंतूंचे एक सूक्ष्म शेवाळ सापडले. दंतकथेने रंग खरा सांगितला होता, कारण मात्र खोटे!

हेच शेवाळ १८९८ साली झुरिक सरोवरात एकाएकी उसळले. ते पूर्वीही येऊन जात असे काय, की हा नवाच रोग होता? वृद्धांच्या आठवणी या कामी फारशा उपयोगी नाहीत. कारण आपल्या बालपणी पाणी जसे होते तेच त्याचे मूळ रूप, असे प्रत्येक पिढीस वाटते. तेव्हा उत्तर शोधावयाचे ते सरोवराच्या तळाशीच. निपको नावाच्या संशोधकाने तळातील गाळ नळीने जसाच्या तसा वर काढून त्याची तपासणी केली आणि १९२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गाळात एकाआड एक फिके व काळे पापुद्रे होते. उन्हाळ्यात शेवाळ वाढू लागले म्हणजे पाण्यातील चुना सुटून खाली बसतो. तो फिका थर. पुढे हिवाळ्यात मेलेल्या जीवांचा कुजका अंश साचतो, तो काळा. असे दोन थर मिळून एक वर्ष. डायाटम जातीच्या शेवाळांची काचेसारखी कवचे कुजत नाहीत. त्यांवरून कोणत्या वर्षी कोणती जात माजली, तेही वाचता येते.

परंतु सर्वांत बोलका पुरावा निराळाच आहे. हे पापुद्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वरच तेवढे स्पष्ट दिसतात. त्याखालचा गाळ एकजीव व करडा आहे. असे का व्हावे? पूर्वी तळाशी प्राणवायू पोहोचत असे, तेथे किडे नांदत आणि ते गाळ ढवळून प्रत्येक वर्षाचे पान पुसून टाकीत. शहराचे सांडपाणी येऊ लागले तशी शेवाळाची वाढ झाली. ते मरून कुजू लागले आणि त्या कुजण्यात प्राणवायू संपला. किडे मेले, आणि पाने कोरी राहिली नाहीत. तात्पर्य, रोगानेच आपली रोजनिशी लिहिली, आणि तिचे पहिले पान हीच त्याच्या आरंभाची तारीख! कोणी हवामानास दोष देईल, तर त्यास सरोवराचा वरचा भाग साक्षीस आहे. ऊनपाऊस दोन्ही भागांस सारखाच. परंतु शहरी मैला मुख्यतः खालच्या भागात येई, आणि प्रथम बिघडला तोही तोच.

या साधनास मर्यादा आहेतच. कवच नसलेले शेवाळ सहसा कुजून जाते. त्याची रंगद्रव्ये, सुप्त बीजे आणि अलीकडे डीएनएचे तुकडे यांवरून त्याचा माग काढावा लागतो. जेथे वार्षिक थर नाहीत तेथे किरणोत्सारी शिसे, किंवा १९६३ च्या सुमारास अण्वस्त्रचाचण्यांनी जगभर पसरलेले सीझियम, यांवरून काळ ठरवितात. अस्सल कागदासही वाचणारा जाणता लागतो, तसेच हे.

झुरिक शहर आजही मुख्यतः याच सरोवराचे पाणी पिते, आणि हे तांबडे शेवाळ यकृतास घातक असे विष निर्माण करिते. मैला शुद्ध करण्यात आला, १९८६ साली धुलाईच्या साबणचुऱ्यांतील फॉस्फेटवर बंदी आली. तरी ते हटले नाही. सौम्य हिवाळ्यांमुळे वरचे व खालचे पाणी पुरते मिसळत नाही, हे त्याचे एक कारण २०१२ साली संशोधकांनी दाखविले. म्हणजे पहिल्या अपराधाची जागा आता दुसऱ्या अपराधाने घेतली आहे. दोहोंतील भेद कळतो तो जुनी पाने जवळ आहेत म्हणूनच.

धरणांच्या जलाशयांनाही हा न्याय लागू आहे. तेथे पहिले पान शोधावे लागत नाही. बुडालेल्या जमिनीची माती लागली, की तेच धरण भरल्याचे वर्ष. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठचा गाळ विस्कटतो. सखोल भागात तो अधिक शाबूत राहतो. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने जलाशयांतील गाळ शेतांवर नेला जात आहे. त्याने शेतकऱ्याचे कल्याणच होते; त्यास हरकत घेणारा इतिहासकार करंटाच म्हणावा लागेल. मागणे इतकेच, की खोदण्यापूर्वी सखोल जागेचा एक नळीभर गाळ काढून जपून ठेवावा. कित्येक घराण्यांची दफ्तरे वाण्याच्या पुड्या बांधण्यात गेली, याची हळहळ आपण अद्याप करितो. पाण्याच्या दफ्तराची तीच गत होऊ नये.