शनिवार तेली : एका नावाची कुळकथा

सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, ही वहिवाट बेळगाव, चिकोडी, निपाणी या टापूतील शेतकऱ्यास, त्याची बोली मराठी असो वा कन्नड, निराळी शिकवावी लागत नाही. लिंगायतांत ती बसवण्णाचा वार म्हणून आणि इतरांत महादेवाचा वार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे. सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना कोकणात ‘सोमवार तेली’ म्हणत. आणि त्यांच्याच शेजारी, तोच पेशा करणारी व तशीच मराठी बोलणारी, परंतु सोमवारऐवजी शनिवारी घाणा थांबविणारी जी एक जमात कुलाब्याच्या मुलखात नांदत होती, तिला लोकांनी ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. ही जमात म्हणजे कोकणातील यहुदी, बेने इस्राएल.

त्यांची परंपरागत हकीकत अशी की, पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्राने नेले. ग्रंथ गेले तरी आचार राहिला : सुंता, शेमा ही प्रार्थना, खवले व पर नसलेली मासळी वर्ज्य मानणे, आणि सर्वांत ठळक म्हणजे शब्बाथाचा विसावा. दिवे गावचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, अशी आडनावे घेऊन ते गावगाड्यात इतके मिसळून गेले की, शेजाऱ्यांना त्यांचे वेगळेपण ओळखण्यास तो एक वारच पुरेसा झाला.

शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो. त्या वेळेस घाण्याच्या उखळातील पेंड काढलेली, फिरती लाट स्थिर झालेली आणि बैलाच्या डोळ्यांवरची झापड उतरलेली असावयाची; शनिवार मावळेपर्यंत घाण्याचा तो करकरता आवाज त्या आळीत ऐकू यावयाचा नाही. हे त्यांस साधले याचे कारण केवळ श्रद्धा नव्हे. घाणा घरचा, बैल घरचा, तेव्हा वारही घरचा होता. गिऱ्हाइकास तेल हवे असेल तर ते शुक्रवारी न्यावे किंवा रविवारी. त्याची तक्रार नव्हती, कारण सोमवार तेल्याचीही रीत तीच होती.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही मंडळी मुंबईची वाट चालू लागली. प्रारंभी कंपनीच्या पलटणींनी त्यांस आश्रय दिला. त्यांपैकीच एक अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी, टिपूच्या कैदेतून सुटका झाल्यावर, 1796 साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पलटणीच्या चाकरीत इलाख्यातील छावण्या पाहणे आलेच, आणि बेळगाव ही तशीच एक छावणी होती. पुढे बगदादच्या पाशाच्या जाचाने देशोधडीस लागलेले डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने पेढ्या काढल्या, गिरण्या उभारल्या, 1875 साली ससून गोदी खुली केली, आणि त्या गिरण्यांतून बगदादी व कोकणी अशा दोन्ही यहुद्यांस रोजगार मिळाला. त्याच वर्षी हाईम शमुवेल किहीमकर यांनी बेने इस्राएलांसाठी शाळा काढली, आणि तेल्याचा नातू रेल्वेत, टपालात व सरकारी कचेरीत कारकून होऊ लागला.

मात्र गिरणीचा भोंगा आणि कचेरीची हजेरी यांस शब्बाथ ठाऊक नव्हता. 1881 च्या कारखाने कायद्याने महिन्यास चार सुट्या दिल्या त्या केवळ मुलांना. सर्व कामगारांस आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, आणि 1890 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढील वर्षी कायद्यानेही साप्ताहिक सुटी मुक्रर केली. लाखो श्रमिकांचे त्यात कल्याण झाले हे निःसंशय. परंतु रविवार हा यहुद्याचा वार नव्हे. शनिवारी कामावर जावे तर आज्ञाभंग, न जावे तर रोज बुडतो, या पेचात पुष्कळांनी शनिवारची भाकर पत्करली आणि शब्बाथ शुक्रवारच्या संध्याकाळपुरता उरला. तेल गेले तसा वारही गेला. नाव मात्र मागे राहिले.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्रायलला गेले, आणि घाण्याबरोबर गमावलेला शनिवार तेथे त्यांस राज्याच्या कायद्याने परत मिळाला. इकडे आमच्या सीमाभागात बैलाचा सोमवार अद्याप पुष्कळ गावांत पाळला जातो. पण निपाणीत हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईस सोमवारही नाही आणि रविवारही नाही, कारण ज्या दिवशी हात थांबतो त्या दिवशी मजुरीही थांबते. विसाव्याचा वार धर्म सांगतो खरा, परंतु तो पाळता येणे हे अवजार कोणाच्या मालकीचे आहे यावर ठरते. ‘शनिवार तेली’ या नावाची साक्ष एवढीच आहे, आणि ती आजच्या कामगार कायद्यांनीही ऐकून घेण्याजोगी आहे.